छावणीतील कथा

कल्याणहून अंबरनाथ, बदलापूरकडे जाणारी आगगाडी विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर स्थानकावर थांबते. या नगरात आजही कित्येक घरांच्या पत्त्यांत बॅरेकचा क्रमांक आढळतो. बॅरेक म्हणजे सैनिकांच्या निवासाची लांबट, बैठी इमारत. ती नागरिकांच्या पत्त्यात कशी आली?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे सैन्याची मोठी छावणी होती. इ. स. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली व सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. तेथील असंख्य हिंदू कुटुंबे कराचीहून बोटीने, तर काही आगगाडीने भारतात आली. त्यांपैकी हजारो लोकांना या रिकाम्या छावणीत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हास नदीवरून छावणीचे उल्हासनगर झाले.

नाव उल्हासाचे, पण मने मात्र खिन्न होती. एकाच बॅरेकीत अनेक कुटुंबे राहत. मध्ये भिंत म्हणून गोणपाटाचा पडदा. सिंधमध्ये पाऊस अगदी थोडा. येथे तो दिवसचे दिवस कोसळे. घरदार, पेढी, शेतीवाडी सारे मागे राहिले होते. एवढ्या मोठ्या दुःखाविषयी बोलावे तरी कसे? अशा वेळी माणसाला दुसऱ्याची गोष्ट जवळची वाटते.

सिंधी लोकांत 'भगत' नावाची एक लोककला आहे. ती सादर करणाऱ्यासही भगतच म्हणतात. पायघोळ जामा व पायांत घुंगरू घालून तो गातो, नाचतो आणि मध्येच थांबून कथा सांगतो. आपल्या कीर्तनातील आख्यानाची येथे आठवण होते. ही कला व तिच्या कथा निर्वासितांबरोबर इकडे आल्या. सामानाची पेटी हरवली, तरी कथा हरवत नाही.

त्या कथांपैकी एक मारुईची. थरच्या वाळवंटातील मलीर गावची ही गरीब मुलगी. विहिरीवर पाणी भरताना उमरकोटचा राजा उमर याने तिला पळवून नेले. त्याने रेशमी वस्त्रे दिली, दागिने दिले. मारुईने अंगावरची जाडीभरडी लोई, म्हणजे आपली घोंगडीच म्हणा ना, सोडली नाही. गावाकडे पाऊस पडला असेल, गवत उगवले असेल, एवढाच तिचा ध्यास. अखेर राजा वरमला व त्याने तिला घरी पाठविले. सिंधचे थोर कवी शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) यांनी तिची व्याकुळता आपल्या काव्यात अमर केली आहे.

श्रोत्यांना ठाऊक होते की, मारुई परतली, तसे आपल्याला परतता येणार नाही. कथेचा शेवट त्यांच्या वाट्याचा नव्हता. तरीही मारुईसाठी ढाळलेल्या अश्रूंत स्वतःचे अश्रू मिसळता येत. आणि पडद्यापलीकडचा अनोळखी शेजारीही त्याच ठिकाणी रडतो आहे, हे कळे.

स्वतःच्या घराची गोष्ट मात्र अनेक वडीलधाऱ्यांनी मुलांना सांगितलीच नाही. ती विचारावयास पुढची पिढी यावी लागली. पुण्याच्या लेखिका साझ अग्रवाल यांनी आपल्या आईच्या आठवणींपासून प्रारंभ केला व मग इतरांच्या ऐकल्या. त्या आठवणींचे पुस्तक इ. स. २०१२ मध्ये, म्हणजे फाळणीनंतर पासष्ट वर्षांनी, प्रसिद्ध झाले.