योगाभ्यास : नवसाधकांच्या काही शंका

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी वसलेली खराडी हे एकेकाळी शेतीवर जगणारे गाव होते. आज तेथे संगणक-व्यवसायाच्या बहुमजली इमारती उभ्या असून असंख्य तरुण-तरुणी दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत बसून काम करतात. मान आखडणे, कंबर धरणे, झोप उडणे या तक्रारी अशा बैठ्या कामाच्या मागोमाग येतात आणि मग योगाकडे लक्ष वळते. परंतु उत्साहाच्या भरात केलेला आरंभ पुष्कळदा पंधरवड्यातच थांबतो, क्वचित दुखापतीतही संपतो. हे टाळावयाचे तर प्रारंभीच्या शंकांचे निरसन होणे अगत्याचे आहे.

शरीर ताठर आहे. आसने जमतील काय?

लवचीकपणा ही योगाची पूर्वअट नसून ते त्याचे फळ आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली योगशिक्षक म्हणून पुण्यास आले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. हिवताप, विषमज्वर व क्षय यांनी त्यांचे बालपण ग्रासले होते. अशा दुर्बळ प्रकृतीच्या तरुणाने सातत्याच्या बळावर पुढे जगन्मान्यता मिळविली. पतंजलींच्या मते आसन स्थिर आणि सुखकर असावे. शेजारच्या साधकाचे हात भूमीस टेकले म्हणून आपणही पाठ ताणणे, हा योग नव्हे. ती स्पर्धा झाली.

इतक्या पद्धती आहेत, कोणती निवडावी?

आज प्रचलित असलेल्या बहुतेक आसनपद्धतींचे मूळ हठयोगात आहे. भेद आहे तो शिकविण्याच्या रीतीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ केला. तेथील परंपरेत हिसका न देता सावकाश आसन धारण करण्यावर भर आहे. अय्यंगार पद्धतीत शरीराच्या अचूक ठेवणीस महत्त्व असून पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची व दोर यांचा आधार घेतला जातो. शिवाजीनगर येथील त्यांची संस्था १९७५ पासून कार्यरत आहे. म्हैसूरच्या अष्टांग विन्यास पद्धतीत श्वासाच्या लयीवर एकामागून एक आसने केली जातात. ती अधिक श्रमाची आहे. प्रकृती नाजूक असल्यास पहिल्या दोन रीतींपैकी एकीने आरंभ करणे श्रेयस्कर. मात्र पद्धतीच्या नावापेक्षा शिक्षक महत्त्वाचा. जो प्रथम आपल्या व्याधींची चौकशी करतो, तो शिक्षक योग्य जाणावा.

केव्हा व किती वेळ करावे?

पोट रिकामे असावे. पूर्ण जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. सकाळ उत्तम, परंतु रात्रपाळी करणाऱ्याने झोप मोडून पहाटे उठण्याचा हट्ट धरू नये. आठवड्यातून एकदा दोन तास करण्यापेक्षा दररोज वीस मिनिटे करणे अधिक हितकारक. घरातील सतरंजी, सैल कपडे व हवेशीर जागा एवढे साहित्य पुरते. शेवटी शवासन मात्र वगळू नये.

कोणी सावध राहावे?

उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेच्या मणक्यांचा विकार असणाऱ्यांनी शीर्षासन करू नये. हृदयविकार, हर्निया व गर्भारपण यांत कपालभाती वर्ज्य मानावी. पुस्तक किंवा चित्रफीत पाहून ही साधना परस्पर आरंभू नये. ती आपली चूक दाखवून देत नाही. ताण जाणवणे स्वाभाविक आहे, पण सांध्यात तीव्र कळ आली अथवा चक्कर आली तर तत्काळ थांबावे. योग सुरू केला म्हणून मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे आपल्या मनाने बंद करणे तर धोक्याचेच. तो निर्णय डॉक्टरांचा.

आसने म्हणजेच योग काय?

नाही. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरे आहे. त्याआधी यम-नियम येतात, म्हणजे वागणुकीतील संयम. त्यानंतर प्राणायाम आणि पुढे ध्यानादी अंगे. म्हणून पहिल्या महिन्यात किती आसने आली हे मोजू नये. श्वास शांत झाला काय, अभ्यास खंडित न होता चालला काय, हे पाहावे. एवढे साधले, तर नवसाधकाचे पाऊल योग्य वाटेवर पडले असे खुशाल समजावे.