वाद बैठकीतच होऊ द्या

पतसंस्थेच्या संचालक मंडळाच्या बैठका चालवताना मला उमगलेल्या या काही गोष्टी.

१. अध्यक्षानं सगळ्यांत शेवटी बोलावं. त्याचा कल आधी कळला की नवे संचालक तोंड उघडत नाहीत. १९६१ मध्ये क्युबावरच्या फसलेल्या चढाईआधी शंका असलेले सल्लागार अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यापुढे गप्प राहिले होते. पुढच्याच वर्षी क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच आला, तेव्हा मंडळी मोकळेपणानं बोलावीत म्हणून केनेडी काही बैठकांपासून मुद्दाम दूर राहिले. आपल्याला निदान थांबून ऐकता येतं.

२. वाद माणसावर घसरला की कागद मागवावा. एका कर्जप्रकरणात तारण जमिनीचं होतं. एक संचालक म्हणाले, "त्या जमिनीला रस्ताच नाही." शिफारस करणारे उसळले, "म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास नाही?" आवाज चढले. मी सातबारा आणि गटाचा नकाशा टेबलावर मांडायला सांगितला. दोघंही नकाशावर वाकले. रस्ता शेजारच्या गटातून जात होता आणि वहिवाटीचा कुठलाच कागद फाईलमध्ये नव्हता. शिफारस करणाऱ्यांनी स्वतःच प्रकरण पुढच्या बैठकीवर ठेवायला सुचवलं. मला तर त्या दिवशीचे चढलेले आवाज मोलाचेच वाटतात. ते चढले नसते, तर ठेवीदारांचा पैसा रस्ता नसलेल्या जमिनीवर गेला असता.

३. विरोध असेल तर तो इतिवृत्तात नावानिशी लिहावा. "जाऊ द्या, सर्वानुमते लिहा" हा आग्रह मला घातक वाटतो. सहकार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे समितीच्या निर्णयांची जबाबदारी सदस्यांवर संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही येते. चौकशी लागली की आधी प्रोसिडिंग बुक उघडलं जातं. कारणासह लिहिलेला विरोध त्या संचालकाच्या कामी येतोच, शिवाय पुढच्या मंडळाला शंका कुठे होती तेही कळतं.

४. मोठं कर्ज आयत्या वेळच्या विषयांत कधीही घेऊ नये.

५. कर्जाचा निर्णय झाला की बाहेर सगळ्यांचं बोलणं एकच हवं. "मी नको म्हणत होतो" हे चहाच्या टपरीवर बोललं गेलं, तर ठेवीदार काउंटरवर रांग लावतात. मात्र ज्याचं मत पडलं, त्याला वाऱ्यावर सोडू नये. त्या कर्जाच्या हप्त्यांचा आढावा दर तिमाहीला त्यालाच मांडायला सांगावा. थकबाकीचं पहिलं लक्षण बहुधा त्यालाच दिसतं.