लीजलाइन वारंवार तुटते, दोष कुणाचा?

प्रश्न : आमच्या बँक शाखेची २ एमबीपीएस लीजलाइन सारखी तुटते. दूरसंचारवाले राउटरकडे बोट दाखवतात, राउटरवाले लाइनकडे. काय करावे?

उत्तर : लूप लावून पाहा. पाठवलेला डेटा वाटेतल्या एका ठिकाणाहून तसाच परत फिरवायचा, एवढीच ही चाचणी. सुरुवात आपल्याच मोडेमपासून करा. चाचणीपुरते राउटरवर पीपीपीऐवजी एचडीएलसी प्रोटोकॉल ठेवा. पीपीपीला लूप ओळखू आला की लिंक उभीच राहत नाही. ‘लाइन प्रोटोकॉल अप’पुढे ‘लूप्ड’ दिसले आणि एररचे आकडे वाढत नसले, तर राउटर व केबल निर्दोष. मग एक्सचेंजमधून लूप मागा, शेवटी पलीकडच्या मोडेमवर. ज्या लूपवर चुका प्रथम दिसतात, त्याच्या आधीच्या स्वच्छ लूपपासून त्या लूपपर्यंतचा तुकडा तपासायला लावा.

तुमची लाइन अधूनमधून तुटते, म्हणून चार पिंगवर समाधान मानू नका. डेटातल्या चुकांचे प्रमाण मोजणारा बीईआर टेस्टर २४ तास लावण्याचा आग्रह धरा. सगळे लूप स्वच्छ आले, तरी क्लॉकची सेटिंग दोन्ही टोकांना जरूर तपासा. क्लॉकमधली तफावत लूपमध्ये बहुधा लपून जाते. चाचणी संपल्यावर प्रत्येक लूप काढल्याची खात्री करा, नाहीतर लाइन बंदच राहील.