लघवीची नळी घरी येते तेव्हा

दवाखान्यातून सुट्टी मिळाली की नातेवाईक बिल तपासतात, गोळ्या मोजून घेतात, फाइल सांभाळतात. पलंगाला अडकवलेल्या लघवीच्या पिशवीबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही, कारण तिथे ती सिस्टर बघत असतात. घरी सिस्टर नसतात.

आपल्याकडे बहुतेकांना लावलेली असते ती फोली कॅथेटर. मूत्राशयात पोहोचल्यावर तिच्या टोकाचा छोटा फुगा निर्जंतुक पाण्याने फुगवतात, म्हणून ती आत टिकते. बाहेर दिसणाऱ्या टोकाला दोन फाटे असतात. एकाला पिशवी जोडतात, दुसरा फुग्याचा. फुग्याच्या फाट्यावरच्या रंगावरून नळीची जाडी कळते: हिरवा 14 नंबर, नारिंगी 16. नंबरला 3 ने भागलं की जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. जाड नळी म्हणजे चांगली नळी, असं काही नाही. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर रक्ताच्या गुठळ्या धुऊन काढण्यासाठी तीन फाट्यांची जाड नळी लावतात, ती वेगळी.

फुगा फुगलेला असताना नळी ओढली गेली, तर मूत्रमार्ग फाटू शकतो. भ्रम झालेले रुग्ण हे हमखास करतात. म्हणून नळी मांडीला चिकटपट्टीने, थोडी सैल ठेवून चिकटवा. पिवळसर लेटेक्सची नळी साधारण 2 ते 4 आठवड्यांत बदलतात, पारदर्शक सिलिकॉनची जास्तीत जास्त 12 आठवडे चालते.

पण प्रत्येकाला फोलीच हवी असं नाही. लघवी नीट होते, फक्त कळत नाही, अशा पुरुष रुग्णाला कंडोम कॅथेटर पुरते. ती रोज काढायची, कातडी धुऊन कोरडी करायची, लाली आली आहे का ते बघायचं. लघवी तुंबलेली असेल तर मात्र तिचा उपयोग शून्य. मूत्रमार्ग अरुंद झाला असेल किंवा नळी दीर्घकाळ लागणार असेल, तर ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी घालतात. आणि मणक्याच्या दुखापतीनंतर मूत्राशय रिकामं होत नसेल, तर दर 4 ते 6 तासांनी रुग्णाने स्वतःच नळी घालून लघवी काढायची आणि नळी बाहेर घ्यायची. ऐकूनच लोक दचकतात. पण 1972 मध्ये अमेरिकेतले डॉ. जॅक लॅपिडेस यांनी दाखवून दिलं की घरी यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुक तयारी लागत नाही, स्वच्छ हात पुरतात. ज्याचे हात चालतात त्याने हा मार्ग आधी विचारून बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पिशवी. पलंगाला लावायची युरोबॅग 2 लिटरची असते. हिंडत्याफिरत्या माणसासाठी 500 ते 750 मिलिलिटरची, पायाला बांधायची लेग बॅग मिळते. कपड्याखाली ती दिसत नाही, त्यामुळे माणूस देवळात, लग्नाला जाऊ लागतो. दोन्हींचा नियम एकच: पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. तपासणीला येताना रिक्षात बसलं की पिशवी हमखास मांडीवर येते आणि साठलेली लघवी उलटी आत जाऊ शकते. दोन तृतीयांश भरायच्या आत खालच्या तोटीतून ती रिकामी करा. तोटीचं टोक भांड्याला लागू देऊ नका, आधी आणि नंतर हात धुवा. नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडू नका. बाहेरचा भाग रोज साबण-पाण्याने धुतला की पुरे, डेटॉल-सॅव्हलॉन नको. पुरुषांनी मागे घेतलेली कातडी धुऊन झाल्यावर आठवणीने पुढे आणावी, नाहीतर ती सुजून अडकते.

नळी महिनाभर राहिली की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स’ दिसले, पण त्रास काही नाही, तर अँटिबायोटिक सहसा लागत नाही. ताप, थंडी, कंबरेत दुखणं किंवा अचानक आलेली गुंगी असेल, तर मात्र लगेच दाखवा. पिशवी बराच वेळ कोरडी असेल, तर आधी नळीला पीळ पडला आहे का ते बघा. नसेल आणि पोट फुगत असेल, तर सकाळपर्यंत थांबू नका. बाजूने लघवी गळत असेल, तर अनेकदा कारण बद्धकोष्ठ असतं.

सुट्टीच्या कागदावर चार गोष्टी लिहून मागा: नळीचा प्रकार, नंबर, घातल्याची तारीख आणि बदलायची किंवा काढायची तारीख. शेवटची तारीख कोरी असेल, तर नळी अजून का हवी आहे, हे डॉक्टरांना तिथेच विचारा.