पंगत आणि मुलांची आवडनिवड

मुलाची खाण्याची आवड घरातच ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा असला तरी अपुरा आहे. मूल शाळेत येऊ लागले की आईच्या उपदेशाइतकाच शेजारच्या ताटाचा परिणाम त्याच्यावर होऊ लागतो.

या दृष्टीने अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बोधप्रद आहे. बालवर्गातील एखाद्या मुलास त्याची कमी आवडती भाजी आवडीने खाणाऱ्या तीन-चार मुलांच्या शेजारी जेवावयास बसविण्यात आले. कोणी आग्रह केला नाही. तरीही चौथ्या दिवसापर्यंत बरीच मुले तीच भाजी आपण होऊन निवडू लागली. काही आठवड्यांनी, सोबती जवळ नसतानाही हा बदल टिकून असल्याचे दिसले. लहान मुलांवर हा प्रभाव अधिक आढळला.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलास रोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. मुलाने उसळ बाजूला सारली तर हा हिशेब वहीत पुरा होतो, देहात होत नाही. एकाने नाक मुरडले की सारी रांग नाक मुरडते, हे शिक्षकांच्या परिचयाचेच आहे.

वरच्या वर्गांत या प्रभावाचे रूप पालटते. 'अजून भाकरीच आणतोस?' एवढ्या एका चेष्टेने मुलगा डबा आणणे सोडतो आणि दुकानातील तळलेल्या पुड्यांकडे वळतो. मैत्रिणी कमी जेवतात म्हणून एखादी मुलगी अर्धपोटी उठते. वाढीच्या वयात झालेली ही हानी लवकर दृष्टीस पडत नाही.

सबब शिक्षकांनी पंगतीची मांडणी विचारपूर्वक करावी. खाण्यास नाखूष असलेल्या मुलास आवडीने जेवणाऱ्या मुलांमध्ये बसवावे. मात्र त्याचे कारण बोलून दाखवू नये. नवा पदार्थ प्रथम थोडाच वाढावा व सक्ती टाळावी. कोणाच्याही डब्याची चेष्टा होऊ देऊ नये. ज्यांचे अनुकरण इतर मुले करतात, अशा मोठ्या विद्यार्थ्यांना वाढपाचे काम आळीपाळीने द्यावे. शक्य तेव्हा शिक्षकांनी स्वतः त्याच पंगतीस बसावे.

चेष्टेने जी सवय मोडते, तीच सवय चांगल्या सोबतीने जडते. ही सोबत जुळवून देणे हेही अध्यापनच होय.