पेन ड्राइव्ह लावला, पण पडद्यावर काही दिसेना!

विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. तेव्हापासून आमच्या परिचयातील काही व्यापाऱ्यांनी दुकानातील जुन्या संगणकावर मिंट किंवा उबंटू ही लिनक्स प्रणाली बसवून घेतली. पैसा वाचला, संगणकही भंगारात गेला नाही. मात्र एक तक्रार वारंवार आमच्या कानी येते: पेन ड्राइव्ह लावतो, पण आपोआप उघडत नाही.

भरतकामाच्या यंत्रावर काम करणाऱ्या आमच्या एका परिचित कारखानदारांच्या बाबतीत हेच घडले. त्यांच्या सगळ्या नक्ष्या एकाच ड्राइव्हवर होत्या. तो उघडेना म्हणून त्यांनी 'डिस्क्स' नावाचा प्रोग्राम उघडला, समोर 'फॉरमॅट' दिसले आणि दाबून टाकले. ड्राइव्ह उघडला खरा, पण रिकामा! वास्तविक त्यात बिघाड नव्हताच. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंना आमची विनंती आहे की, आधी काम कुठे अडले ते पाहावे आणि तोवर फॉरमॅटला हात लावू नये.

लिनक्समध्ये सी, डी अशी ड्राइव्हला नावे नसतात. प्रत्येक ड्राइव्ह एखाद्या फोल्डरला जोडला जातो, यालाच 'माउंट' म्हणतात. उबंटूमध्ये ही जागा 'मीडिया' फोल्डरात, आपल्या नावाखाली असते. हे काम तिघे मिळून करतात. कर्नल ड्राइव्ह ओळखतो, फाइल मॅनेजर 'जोडा' असा हुकूम देतो आणि 'यूडिस्क्स' नावाची सेवा तो जोडते. तिघांपैकी एक जरी अडला तरी आपल्याला दिसते ते एकच, म्हणजे काहीच नाही.

प्रथम टर्मिनल उघडून एल, एस, बी, एल, के ही पाच लहान इंग्रजी अक्षरे जोडून लिहावीत व एंटर दाबावे. यादीत आपल्या ड्राइव्हच्या आकाराची ओळ आहे का, ते पाहावे. १६ जीबीचा ड्राइव्ह तिथे १५ च्या आत दिसतो. ही दुकानदाराची लबाडी नव्हे, मोजण्याची पद्धत निराळी आहे. ओळच नसेल तर दोष केबलचा, पोर्टचा किंवा खुद्द ड्राइव्हचा. हब काढून संगणकाच्या मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावून पाहावे.

ओळ असेल तर फाइल मॅनेजरच्या डाव्या रकान्यात ड्राइव्हच्या नावावर टिचकी मारावी. असा हाताने उघडला तर फक्त आपोआप जोडण्याची सोय बंद आहे. मिंटच्या नेहमीच्या आवृत्तीत ती फाइल मॅनेजरच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये सापडते. एक्सएफसीई असेल तर सेटिंग्जमधील 'रिमूव्हेबल ड्राइव्हज अँड मीडिया' पाहावे. तिथे हे काम 'थुनार-व्होलमन' करतो, तो बसवलेला नसेल तर बसवून घ्यावा.

हाताने उघडतानाही चूक दाखवली तर तो संदेश बंद करण्याआधी वाचावा. ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीचा असून विंडोजमधून तसाच उपटून आणला असेल, तर त्यावर 'अपुरे काम' अशी खूण राहते आणि लिनक्स तो जोडायला नकार देऊ शकतो. आमच्या कारखानदारांचे नेमके हेच झाले होते. ड्राइव्ह पुन्हा विंडोजला लावून तिथली त्रुटी-तपासणी चालवली व रीतसर बाहेर काढला की बहुधा काम होते. ६४ जीबी व त्यावरील मेमरी कार्डे सहसा एक्सफॅट पद्धतीची असतात. तिला कर्नलचा आधार २०१९ मध्ये आलेल्या ५.४ आवृत्तीपासून आहे, म्हणून फार जुनी प्रणाली असेल तर ती अद्ययावत करावी.

आणखी एक छुपे कारण आहे. पेन ड्राइव्हवरून डेबियन बसवताना कधीकधी 'ईटीसी' फोल्डरातील 'एफएसटॅब' फाइलीत त्याच ड्राइव्हची ओळ सीडी म्हणून नोंदली जाते. पुढे तेच स्थान मिळालेला प्रत्येक ड्राइव्ह सीडी समजला जातो व अडतो. फाइलीची नक्कल ठेवून त्या ओळीपुढे हॅशचे चिन्ह टाकावे. बाकी ओळींना धक्का लावू नये, नाहीतर संगणकच सुरू व्हायचा नाही. हात बसलेला नसेल तर जाणकाराला समोर बसवून हे करावे.

फॉरमॅट होऊनच गेला असेल तर त्या ड्राइव्हवर एकही नवी फाइल टाकू नये. जुन्या नोंदी पुष्कळदा आत शिल्लक असतात व फाइली परत मिळवणारा माणूस त्या काढू शकतो. आमच्या कारखानदारांनी मात्र घाईघाईत त्यावर नव्या नक्ष्या भरल्या होत्या. जुन्यांपैकी निम्म्याच परत मिळाल्या.