पाण्याखालच्या माणसांना निरोप

पाणबुडी म्हणजे पाण्याखालून चालणारे जहाज. मुंबईच्या माझगाव गोदीत पाणबुड्या बांधतात. तिथे बांधलेली 'कलवरी' २०१७ साली नौदलात दाखल झाली. अशा पाणबुडीत चाळीसेक माणसे असतात. किनाऱ्यावरून त्यांना निरोप द्यायचा तर कसा द्यायचा?

तुम्ही म्हणाल, रेडिओ आहे की! पण आपल्या रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरल्या की विरून जातात. लहर खूप लांब असेल, तरच ती थोडी आत जाते. त्यासाठी नौदलाने १९९० साली तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे मोठे केंद्र उभारले. तरीही या लहरी थोडेच मीटर आत जातात, आणि निरोपही अगदी सावकाश जातो.

आवाज पाण्यात चांगला पळतो. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्रात सुमारे १५०० मीटर. पण तो शत्रूलाही ऐकू येतो! लपून राहणाऱ्या पाणबुडीला हे कसे परवडेल?

आता राहिला उजेड. १९६० साली अमेरिकेत लेसर तयार झाला. लेसरचा उजेड दिव्यासारखा चहूकडे पसरत नाही. तो एकाच रंगाचा असतो आणि बारीक धारेसारखा सरळ जातो. इथे रंगाला फार महत्त्व आहे. समुद्राचे पाणी तांबडा उजेड वरच्या वर गिळून टाकते. निळा-हिरवा उजेड सगळ्यात खोल जातो. खोल समुद्र निळा दिसतो, तो याचमुळे. म्हणून विमानातून निळा-हिरवा लेसर खाली सोडायचा आणि तो ठरावीक खुणेने लुकलुकवायचा. पाणबुडीवरचे यंत्र त्या खुणा वाचते. अमेरिकेने १९८० नंतर असे प्रयोग केले.

लेसरने शोधही घेता येतो. थोडा उजेड पाण्याच्या पृष्ठभागावरून परत येतो, थोडा आतल्या वस्तूवर आपटून. दोन्हींच्या वेळेतल्या फरकावरून खोली काढतात. अमेरिकेचे नौदल हेलिकॉप्टरमधून याच रीतीने पाण्यातले सुरुंग शोधते.

पण पाणी गढूळ असले की लेसरचे काही चालत नाही. पावसाळ्यात आपल्या खाडीत तो किती आत जाणार! आणि स्वच्छ पाण्यातही फार खोलवर तो पोचत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी अर्जेंटिना देशाची 'सान हुआन' पाणबुडी ४४ माणसांसह बेपत्ता झाली. ती सुमारे ९०० मीटर खोल पडली होती. अखेर समुद्राच्या तळाजवळ यंत्रे सोडून, आवाजाच्या प्रतिध्वनीवरूनच ती शोधावी लागली. तोवर त्या ४४ जणांच्या घरच्यांनी एक वर्ष वाट पाहिली होती.